बाबांचा ठेका

१

दंतू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण दातांच्या लॅबमध्ये बसून जन्मभर लोकांच्या कवळ्या घासणाऱ्या माणसाला मित्रांनी दुसरं काय म्हणायचं? आठवडाभर तो जबड्यांचे साचे, मेण आणि गुलाबी हिरड्या यांच्यात बुडालेला असायचा. रविवारी दुपारी जेवणं उरकली, भांडी घासून पालथी पडली, की मागच्या खोलीत गिटार घेऊन बसायचा. वाजवायचा बेताचंच. हे त्याला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना तर नको तेवढं ठाऊक होतं. पण हौस दांडगी, त्याला काय करणार!

सोबतीला दोघं. एक मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. कीबोर्ड वाजवायचा आणि तोंडाने त्याहून जास्त वाजायचा. दुसरा शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर, तो ड्रमवर. आठवडाभर पोरांचा कलकलाट ऐकून ऐकून रविवारी त्याला काहीतरी बडवायला लागायचं, एवढंच त्याचं संगीत.

गाणी बसवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. कोणीतरी काहीतरी सुरू करायचं आणि बाकीच्यांनी मागून जायचं. नियम एकच होता, तोही मेहुण्याने घालून दिलेला. कोणी चुकला तर थांबायचं नाही. तीच चूक मुद्दाम पुन्हा करायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. "एकदा केली तर चूक, परत केली तर चाल," तो म्हणायचा. तिघांत मिळून चुकांचा तुटवडा कधी पडला नाही, त्यामुळे चाली भरपूर निघायच्या.

दंतू सगळं एका छोट्या मशीनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. तीन वाद्यांना तीन माइक, आणि चौथा दाराच्या चौकटीवर टांगलेला, पॅसेजकडे तोंड करून. त्याला ते 'खोलीचा माइक' म्हणायचे. त्याच्यात वाद्यं लांबून यायची, घरातल्या बाकीच्या आवाजांसकट. स्वयंपाकघरातला नळ, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, आणि पॅसेजपलीकडच्या खोलीतलं बाबांचं खोकणं.

बाबा म्हणजे दंतूचे वडील. आई गेल्यापासून इथेच होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा उजवा पाय नीट उचलला जात नसे. आधी काठी टेकायची, मग डावा पाय टाकायचा, मग उजवा मागून ओढून घ्यायचा. टक, पाऊल, खर्र. न बघताही कळायचं की बाबा निघाले.

"तुमचं वाजवून झालं की सांगत जा रे," ते म्हणायचे. "म्हणजे मला झोपेचं सोंग सोडता येतं."

दंतूचा बापावर फार जीव होता. त्याला गिटार आणून देणारं माणूस घरात तेवढं एकच होतं.

२

त्या रविवारी तिघांचं छान जमलं होतं. दंतूने डोळे मिटून घेतले होते. मध्येच पॅसेजमधून टक, पाऊल, खर्र आलं. पुन्हा आलं. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग धप्प. काठी फरशीवर आपटून खडखडत लांब गेली.

आता हे सांगायला जीभ रेटत नाही, पण झालं ते असं. ड्रायव्हरने ते उचललं. कोणीतरी चुकलं एवढंच त्याच्या हातांना कळलं, आणि सवयीने हात कामाला लागले. टक, पाऊल, खर्र, मधली ती अडखळ आणि धप्प. मेहुण्याने डाव्या हाताने तेच धरलं. आणि दंतूने, स्वतःचा बाप बाहेर जमिनीवर पडलाय हे न कळता, त्याच्यावर गिटार छेडली. बराच वेळ छेडली. इतके एकजीव ते तिघं पूर्वी कधी वाजले नव्हते.

थांबले तेव्हा बाबा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलेले दिसले. उंबऱ्याला अडखळले होते. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. दंतूने धावत जाऊन त्यांना उठवलं. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बायको खाली आली आणि तिने तिघांना असं काही फैलावर घेतलं, की ड्रायव्हर ड्रमच्या काड्या हातात घेऊनच जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर दंतूने हेडफोन लावून ते ऐकलं. खोलीच्या माइकमध्ये धप्प आवाजाच्या मागोमाग बाबांचा आवाज होता. धाप लागलेला, पण हसरा. "काही नाही, काही नाही. वाजवा वाजवा."

त्याला स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगायचं तर ऐकणंही सोडवेना. रोज संध्याकाळी तो ते लावायला लागला. नावसुद्धा ठेवलं, 'बाबांचा ठेका'. मेहुण्याने दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवलं. ड्रायव्हर बसच्या स्टिअरिंगवर बोटांनी तेच वाजवायचा. बाबांनीही एकदा हेडफोन डोक्यावर चढवून घेतला आणि काठीने जमिनीवर ताल धरला. "बघ, पडलो तरी तालात पडलो की नाही?"

बायको तेवढी चिडली. "पडलेल्या माणसाचं गाणं कसलं करता हो? शोभतं का? पुसून टाका ते."

"हो, टाकतो," दंतू म्हणाला, आणि त्याने ते पुसलं नाही.

३

पुढे दंतूचा थोरला भाऊ येऊन बाबांना थोडे दिवस त्याच्या घरी घेऊन गेला. घर एकदम सुनं झालं. एका संध्याकाळी बायको भाजी आणायला गेली होती. दंतूने एकट्यानेच गिटार काढली. सवयीने चारही माइक चालू केले आणि मनाला येईल ते वाजवलं. मग हेडफोन लावून ऐकत बसला.

गिटारच्या मागून आवाज आला. टक, पाऊल, खर्र.

'बाबा उठले वाटतं,' असं मनात म्हणत त्याने हेडफोन कानावरून सरकवलासुद्धा. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की बाबा घरी नाहीत. ज्या वेळी हे रेकॉर्ड झालं त्या वेळीही नव्हते.

त्याने पुन्हा कान दिला. आवाज पॅसेजमधून येत होता. टक, पाऊल, खर्र. मधली ती अडखळ. धप्प. काठी खडखडत गेली. दंतू पुढच्या वाक्याची वाट बघत बसला, काही नाही, काही नाही, वाजवा वाजवा. ते आलंच नाही. काठी थांबल्यावर सगळं गप्प झालं, आणि त्या गप्प घरात त्याची स्वतःची गिटार बिनधास्त चालू होती.

दंतू काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. जुनं रेकॉर्डिंग नव्यात मिसळलं असणार, असं त्याने ठरवलं. पण मिसळणार कसं? आपोआप? मशीनला हात कोणाचा लागला होता? मेहुण्याचा. गेल्याच आठवड्यात काहीतरी अपडेट करायचं म्हणून घेऊन बसला होता. आणि तिथे दंतूच्या मनात पाल चुकचुकली.

कारण मेहुणा एकदा म्हणाला होता, "भावजी, बाबांना थोरल्यांकडेच ठेवा ना. बाबांची इथली खोली मोठी आहे. आपला आवाज काय बसेल तिथे!" त्यावर ड्रायव्हर हसला होता, बायकोही हसली होती. दंतूला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

म्हणजे हे असं आहे तर. बाप पडतोय, पडून गप्प होतोय, असं मुलाच्या कानात घालायचं. मुलगा घाबरणार. म्हणणार, नको बाबा, थोरल्याकडेच राहा. दंतूच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

४

आधी त्याने थोरल्याला फोन लावला.

"बाबा बरे आहेत ना?"

"बरे म्हणजे? सकाळपासून टीव्हीसमोर आहेत आणि मला चॅनल बदलू देत नाहीत. का रे?"

"काही नाही. असंच."

मग मशीन पिशवीत टाकून तो तडक मेहुण्याच्या दुकानात गेला. मेहुणा भिंग डोळ्याला लावून कुठल्याशा फोनचं पोट फाडून बसला होता. दंतूने त्याच्यापुढे हेडफोन धरला. मेहुण्याने ऐकलं. एकदा ऐकलं, मागे नेऊन पुन्हा ऐकलं, आणि भिंग काढून ठेवलं.

"हे कधीचं?"

"ते तू सांग."

"भावजी, हे जुनं नाही."

"कशावरून?"

"जुन्यात काठी लांब होती, उंबऱ्याच्या पलीकडे. ही अलीकडे आहे. माइकच्या जवळजवळ खालीच."

"वा! करणाऱ्यालाच बरं कळतं."

मेहुण्याला क्षणभर अर्थ लागला नाही. लागला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "मी? बाबांच्या पडण्याची थट्टा मी करीन? वेड लागलंय का तुम्हाला?"

"खोली हवी होती ना तुला?"

शब्दाने शब्द वाढला. दुकानाचा मालक मध्ये पडला तेव्हा कुठे दंतू बाहेर आला. बाहेर येताना त्याला एक खटकलं होतं, पण संतापात त्याने ते बाजूला सारलं. मेहुण्याने हेडफोन परत देताना हात लांब करून दिला होता, वायरला धरून.

घरी येऊन त्याने मशीन कपाटात कोंडलं आणि किल्ली खिशात टाकली. वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं, तुमच्याकडे कोणी काठी घेऊन चालतं का? त्यांच्याकडे एक रांगणारं बाळ होतं, बस्स. नळाचे पाइप ठोकून पाहिले. दुसऱ्या दिवशी लॅबला दांडी मारून भर दुपारी स्वतःचा मोबाइल स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि गिटारला हातही न लावता नुसता बसून राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. कुठे खुट्ट झालं नाही. त्याने कान टवकारले होते, शपथेवर सांगितलं असतं त्याने, की खुट्ट झालं नाही.

मोबाइलमध्ये मात्र टक, पाऊल, खर्र होतंच. पॅसेजमध्ये नव्हे. खोलीत. स्टुलाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं, जिथे दंतू बसला होता त्याच्या मागून. तिथेच ते अडखळलं आणि पडलं. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

दंतूने गर्रकन मागे वळून पाहिलं. आणि तरी बघा, संशय किती चिवट असतो! हा मोबाइलही मेहुण्यानेच दुरुस्त केलेला आहे, असं त्याने स्वतःला बजावलं. त्या विचाराने त्याला बरंसुद्धा वाटलं.

५

बाबा काही थोरल्याकडे रमले नाहीत. "माझ्या खोलीत नेऊन सोड," म्हणून हट्ट धरून बसले आणि परत आले. आले त्या दिवशी दंतूने चारही माइक उतरवले, मशीनसकट खोक्यात भरले, खोकं माळ्यावर टाकलं. 'बाबांचा ठेका' पुसून टाकला. घरात जिथे तिथे रबरी पट्ट्या चिकटवल्या. लॅबमधून दिवसात कितीदा फोन करायचा त्याला हिशेब राहिला नाही. बाबा उठले का, कुठे गेले, काठी हातात आहे ना?

"मी पडावं अशी वाट बघतोस की काय?" बाबा वैतागले.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिला लागलं ते वेगळंच. "माझ्या भावावर आळ घेतलात तुम्ही. भर दुकानात. तो जेवला नाही त्या दिवशी. ते काही नाही, रविवारी दोघांना बोलवा आणि त्याची माफी मागा. आणि वाजवा खुशाल, घरात आवाज असला की हे असले विचार येत नाहीत."

रविवारी दोघं आले. मेहुणा गाल फुगवून कीबोर्डमागे बसला. ड्रायव्हर उगाच बसमधल्या पोरांचे किस्से सांगत राहिला. दंतूने आपली खुर्ची पॅसेजमध्ये ओढली, बाबांचं दार समोर दिसेल अशी.

"तिथे का?" ड्रायव्हरने विचारलं.

"इथे वारा लागतो."

त्यांनी वाजवलं. 'बाबांचा ठेका' कोणी काढला नाही. तिघंही इतकं सांभाळून वाजवत होते, की कोणी एकदाही चुकलं नाही, आणि आजवरचं सगळ्यात बेचव वाजवणं ते झालं असेल. शेवटी ड्रायव्हरने काड्या खाली ठेवल्या. "चहा होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "टाकलाय," स्वयंपाकघरातून बायको ओरडली.

दंतू माफी मागायला म्हणून उठला. खोलीच्या दारात उभा राहून त्याने घसा साफ केला. "हे बघ," तो मेहुण्याला म्हणाला, "माझं जरा चुकलंच..."

टक.

हेडफोनमध्ये नव्हे. घरात. मेहुण्यानेही मान वर केली.

पाऊल. खर्र.

दंतूने गिटार टाकली आणि पॅसेजमध्ये धाव घेतली.

६

बाबा त्यांच्या दारात होते. डावा पाय उंबऱ्याच्या अलीकडे, उजवा पलीकडे, आणि तोल गेलेला. दंतूने त्यांना पडता पडता दोन्ही काखांत हात घालून उचलून धरलं. काठी दोघांच्या मध्ये आडवी अडकली. क्षणभर दोघंही तसेच राहिले, गळ्यात गळा घालून.

"अरे, काय हे!" बाबा म्हणाले. "बाथरूमला चाललो होतो."

दंतूला हसू फुटलं, रडूही फुटलं. "पडला असता ना बाबा!"

"पडलो नाही ना? मग?"

पडले नाहीत. वाचले. दंतूच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता तो मेहुण्याचे पाय धरायलाही तयार होता.

टक, पाऊल, खर्र.

त्याने खाली पाहिलं. बाबांची काठी त्यांच्या दोघांच्या पोटांमध्ये होती. तिचं टोक जमिनीला टेकलेलं नव्हतं.

मागच्या खोलीत धप्प झालं. ड्रमची एक थाळी घरंगळत येऊन दाराला आपटली. "अहो ड्रायव्हर!" मेहुण्याचा आवाज आला. "असे कसे पडलात? अहो, उठा ना. ड्रायव्हर?" कोणी उत्तर दिलं नाही. 'काही नाही' असंही कोणी म्हणालं नाही.

"बाबा, चला, आत बसा," दंतू म्हणाला. पण बाबा हलेनात. त्यांचं वजन हळूहळू त्याच्या हातांवर यायला लागलं होतं. "पाय लागत नाही रे माझा," ते पुटपुटले. "खाली जमीनच लागत नाहीये."

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्या फटीतून मेहुणा दिसला, त्यांच्याकडेच मदतीला निघालेला. डावा पाय त्याने नीट टाकला. उजवा मागून ओढला. खर्र. मेहुणा थांबला आणि स्वतःच्या पायाकडे बघायला लागला, हा पाय कोणाचा आहे असं. मग त्याने वर पाहिलं, दंतूकडे. "भावजी, मी नाही हो करत," तो म्हणाला. लहान मुलासारखा रडकुंडीला आला होता. पुढचं पाऊल टाकायचं नाही म्हणून त्याने चौकटीला घट्ट धरलं. टक वाजलं, आणि त्याचा पाय निघालाच. तो फटीतून दिसेनासा झाला आणि पाठोपाठ आवाज आला.

एकाने चूक केली की बाकीच्यांनी उचलायची.

"काय आपटताय एवढं?" स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "आलेच मी."

"येऊ नकोस!" दंतू किंचाळला. "आहेस तिथे बस! खाली बस!"

"काय? ऐकू येत नाहीये, गॅस चालू आहे!"

ती पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला आली. दोन्ही हातांत सांडशीने धरलेलं चहाचं पातेलं, अजून उकळत असलेलं. समोर नवरा आणि सासरे असे एकमेकांना धरून उभे बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "अगं बाई, बाबांना काय झालं?" म्हणत ती पुढे झाली. डावा पाय नीट पडला. उजवा मागून घासत आला.

दंतूने हात सोडवायला पाहिलं. बाबांचं सगळं वजन आता त्याच्या हातांवर होतं, आणि म्हाताऱ्या बोटांनी त्याच्या सदऱ्याची पाठ मुठीत घट्ट पकडली होती.

"सोडू नकोस रे मला," बाबा त्याच्या कानात म्हणाले.

टक.